व्हीलचेअरवरच्या भावासाठी व्यायाम, नाशकात कुठे आणि कसा?

सिडकोची_ताई: माझा दादा ३८ वर्षांचा, ४ वर्षांपूर्वी बाईक घसरून मणक्याला मार लागला, कमरेखाली हालचाल नाही. फिजिओ बंद झाल्यापासून घरातच असतो, वजन वाढलं, शुगर बॉर्डरला आलीये आणि आता खांदेही दुखतात. एका जिममध्ये नेलं तर दारातच म्हणाले आमच्याकडे असे पेशंट घेत नाही. अहो तो आता पेशंट नाहीये, त्याला फक्त तब्येत राखायचीये. कोणाला काही माहीत आहे का?

पंचवटीकर: ताई, मी १२ वर्षं चेअरवर आहे. आधी खांदे सांभाळा, आपले पाय म्हणजे तेच. चाक ढकलून ढकलून छाती आखडते आणि पाठीकडची ताकद कमीच राहते, म्हणून मी खिडकीच्या गजाला रबरी बँड बांधून रोज सकाळी मागे ओढतो. चाकाला बारीक बारीक झटके द्यायचे नाहीत, हात लांबवून एकच सावकाश ढकला द्यायचा. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून बूड मोकळं करायचं आणि रात्री आरशात बघायचं कुठे लाल झालंय का, जखम झाली की महिनोन्महिने पलंगावर. आणि पाणी किती पितो ते विचारा. बाहेर टॉयलेटची सोय नसते म्हणून आपण पाणीच तोडतो, मग लघवीचं इन्फेक्शन ठरलेलं. तो आपणहून सांगणार नाही.

फिजिओ_नाशिकरोड: दुखरा खांदा आधी दाखवून घ्या, मग बँड. डब्ल्यूएचओने २०२० मध्ये अपंग व्यक्तींसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस ताकदीचा असं सांगितलंय, पण सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालेल. शुगर आहे तर पावलं रोज बघा, त्याला जखम कळणार नाही.

गंगापूर_रोडवाला: दादाला मुरलीकांत पेटकरांचं सांगा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात गोल्ड, आपल्या सांगलीकडचा माणूस! पालिकेला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी ठेवावा लागतो, आपण ५-६ जण मिळून पोहण्याच्या तलावाला रॅम्प मागू, एकट्याच्या अर्जाला कोण विचारतंय. रविवारी सकाळी गोल्फ क्लबला या, चेअर तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर कुठपर्यंत जाते ते सोबतच बघू.

सिडकोची_ताई: पाण्याचं विचारलं. दिवसाला दोन ग्लास म्हणाला, आणि मला ४ वर्षांत कळलं नाही. रविवारी ७ वाजता येतो आम्ही, अर्जावर त्याची सही धरा.