राणीबागेतला काळा घोडा: काळा का आणि इथे कसा?

जिज्ञासू: भायखळ्याच्या राणीबागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ घोडेस्वाराचा ब्राँझचा पुतळा आहे. फोर्टातल्या 'काळा घोडा'चं नाव याच्यावरूनच पडलं ना? मग तिथे आता उभा आहे तो कोणता? काळा रंग दिलेला की चढलेला? पितांबरीने घासला तर खालून पिवळा निघेल का? आणि घोड्याचा पाय किती उचललाय यावरून स्वार कसा मेला ते कळतं म्हणतात, ते खरं का?

गिरगावकर: नाव याच्यावरूनच. स्वार म्हणजे सातवा एडवर्ड, पण तेव्हा तो युवराज होता. त्याच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराकडून तो करवून घेतला. १८७९ मध्ये फोर्टात बसला, १९६५ मध्ये तिथून हलवून राणीबागेत आणला. राजा गेला, घोड्याचं नाव मात्र चौकाला चिकटलं ते कायमचं. आत्ताचा घोडा २०१७ चा, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, आणि त्याच्यावर स्वारच नाही.

पायाची गोष्ट थाप आहे. एडवर्ड वारला १९१० मध्ये, पुतळा बसल्यावर ३१ वर्षांनी. बोएमला काय स्वप्न पडलं होतं?

ओतारी: पितांबरी, चिंच, लिंबू यांपैकी काही लावू नका! ब्राँझ म्हणजे ढोबळमानाने ९० टक्के तांबं, १० टक्के कथील. ओतल्यावर ते सोनेरी-तांबूसच दिसतं. मग धातू तापवून गंधकाचं रसायन लावतात आणि तपकिरी-काळा थर चढवतात, तो पुढे हवेने आणखी गडद होतो. हा थर म्हणजे धातूची कातडी. आम्लाने ती गेली की उघडा धातू मुंबईच्या खाऱ्या हवेत ठिकठिकाणी डागाळतो, आणि आधीपेक्षा वाईट दिसतो.

जिज्ञासू: मग साफ करायचा कसा?

ओतारी: डिस्टिल्ड पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, कोरडं करायचं, मग धातू किंचित तापवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा. गार झाल्यावर सुती कापडाने घासायचं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी.

त्याआधी हिरवे डाग दातकोरणीने खरवडून बघा. घट्ट असतील तर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटली आणि खाली खड्डा दिसला, तर ते क्लोराइड, म्हणजे खाऱ्या हवेतल्या मिठाने धातू खाल्ल्याची खूण. त्यावर मेण लावलंत तर आतून खात राहतं. तिथे संवर्धकच, म्हणजे जुन्या वस्तू जपणारा तज्ज्ञच हवा.

आणखी एक, हे बहुतेक जण विसरतात: मोठे पुतळे पोकळ असतात. पाणी निघायचं भोक मातीने बुजलं की पाय आतून भरतात, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि ब्राँझला तडा जातो.

गिरगावकर: बघायला जाणार असाल तर बुधवार टाळा. बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.