घरोघरी शोषखड्डा, गाव गटारमुक्त? काळ्या रानात काढून दाखवा

काळीमाती: ‘चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, गटार बंद, डास हद्दपार!’ नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी गाजवलेल्या शोषखड्ड्याची, म्हणजे ‘नांदेड पॅटर्न’ची ही पोस्ट परवापासून प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. आता गणित करा. पाच माणसांचं घर, माणशी ५५ लिटर नळपाणी. संडासाचं वगळून रोज २०० लिटर सांडपाणी. खड्ड्याच्या चार भिंती मिळून जेमतेम ६ चौरस मीटर. चिकण काळ्या मातीत चौरस मीटरला दिवसाला १० लिटर मुरलं तरी पुष्कळ. म्हणजे ६० लिटर. उरलेलं १४० कुठं जाणार? पावसाळ्यात माती फुगली की तेही नाही.

खोरंटिकाव: चार फूट काय दगडावरची रेघ आहे? मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. खड्डे बुजतात ते मातीमुळे नाही, कामचुकारीमुळे. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर गोणपाट किंवा प्लास्टिक, मग माती. मधलं आच्छादन वाचवतात आणि पहिल्याच पावसात माती दगडांत उतरते. खड्ड्याआधी जाळीची बादली नको का? भांड्यांची राख, खरकटं, तेल थेट आत गेलं की वर्षभरात चिखल.

काळीमाती: मुरूम सहा फुटांवर असेल तिथं तुमचंच राज्य, घ्या. पण तो वीस फुटांवर आणि श्रावणात पाणी पाच फुटांवर असेल तर? तळ भूजलाच्या दोन मीटर वर हवा. तुम्ही सरळ पाण्यातच बुडी मारताय. त्यापेक्षा गटार आणि गावाच्या उताराला स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी काही दिवस साठवून आपोआप निवळू देणारं उथळ तळं. जी काळी माती खड्डा मारते, तीच ठोकून घट्ट केली की तळ्याच्या बुडाला अस्तर होते. दीड हजार वस्तीला रोज ६० हजार लिटर, दहा दिवस साठवण, सव्वा मीटर खोली. बांधासकट आठ गुंठे.

बंधारा७२: आठ गुंठे गायरान द्यायला कोण बसलंय? आणि काठचं गवत कोण काढणार? क्युलेक्स डास तिथंच अंडी घालतो. ते राहू द्या, मूळ दुखणं वेगळंच. गटारात निम्म्या घरांच्या संडासाच्या टाकीचा पाईप सोडलेला असतो. तळ्यात येतो तो मैला, आणि तुम्ही त्याला आंघोळीचं पाणी म्हणून मोजताय.

खोरंटिकाव: आणि वर फुशारकी, ‘वीस वर्षांत टाकी भरलीच नाही!’ कशी भरेल? तळाला प्लास्टर नाही, सगळं शेजारच्या विहिरीत. दोन-तीन वर्षांनी उपसा न लागणारी टाकी ही टाकीच नव्हे.

बंधारा७२: म्हणून तर दोन शोषखड्ड्यांचा संडास. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा बंद. भरला की दीड-दोन वर्षं ठेवायचा, मग खत. पण मैला या किंवा त्या खड्ड्याकडे वळवणाऱ्या वाय चेंबरची दोन्ही तोंडं गवंडी उघडी ठेवतात, दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि बोंब ‘योजनाच फसवी’ अशी. वर हौसेनं गॅस पाईप लावतात. कशाला? गॅस खड्ड्याच्या जाळीदार वीटकामातून मातीत जातो.

काळीमाती: धागा सांडपाण्याचा आहे हो! आणि काळ्या मातीत तुमचे ते खड्डे मुरतात का?

बंधारा७२: नाही मुरत. तिथं खड्ड्याभोवती फूटभर वाळू भरावी लागते, ती अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. झालं समाधान?

काळीमाती: झालं! म्हणजे माती महत्त्वाची, हे शेवटी निघालं तर.

पंचायतकट्टा: भांडा निवांत. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत. दीड हजार वस्तीला ४ लाख २० हजार. त्यात गटार, तळं, जाळी, गाळ उपसणं बसवा. नाही तर मुरूमाच्या आळीत खड्डे, काळ्या आळीत छोटं गटार आणि शेवटी पाणी गाळून घ्यायला खडीत लावलेली कर्दळीची वाफी. एकच नकाशा अख्ख्या गावाला लावायचा हट्ट सगळ्यांनी सोडा.

खोरंटिकाव: वाफीतली खडी दर काही वर्षांनी काढून धुवायची असते, ते कोण धुणार? सांगा, नाव लिहून घेतो.