हाडांची ‘झीज’ म्हणावे का?

फोंडा : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितेय. अंतराळात महिनोन्महिने राहिल्यावर शरीराचे काय होते, हा विषय. ‘हाडांची झीज होते’ असे लिहिले, तर मुख्याध्यापकबाईंनी ‘झीज’भोवती पेन्सिलीने गोल केला. चुकले काय?

म्हापसा : काही नाही. सगळे तसेच लिहितात. सोडून द्या.

वास्को : बाईंचे बरोबर आहे हो. (मी फिजिओ, हा शब्द दिवसातून वीसदा ऐकतो.) झीज व्हायला घासणे लागते. सहाणेवर चंदन झिजते, चपलेची टाच झिजते, आजोबांच्या गुडघ्यातली कूर्चा झिजते. अंतराळात नेमके उलटे. हाड एरवी रोज थोडे मोडते नि थोडे बांधले जाते. अंगावर भारच नसला की मोड चालू राहते, बांधणी मागे पडते. काही उपाय केला नाही तर खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के उतरते. सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, म्हणून मुतखड्याचीही भीती. यासाठीच अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम. तुम्ही ‘झीज’ लिहिलेत तर भुरगी (मुले) विचारतील, मग व्यायाम करून आणखी झिजवता कशाला?

बेतुल : पटले. मासेमारीबंदीचे ६१ दिवस शेजाऱ्यांचा ट्रॉलर नुसता उभा असतो. ऑगस्टात इंजिन जाम. कोणी वापरलेलेच नसते त्याला.

म्हापसा : मग ‘गंजतात’ लिहा! गंजण्यापेक्षा झिजलेले बरे, म्हणतातच ना.

वास्को : वा! पण फलकावर नको, हाडाला गंज चढत नाही. ‘अस्थिक्षय’ही नको, हाडाचा क्षय म्हटले की लोकांना टीबी आठवतो. ‘विरळ होतात’ म्हणा. स्नायू ‘रोडावतात’.

फोंडा : आणि ‘ठिसूळ’?

वास्को : ते पुढचे. आधी विरळ, मग ठिसूळ. जमिनीवर हे तपासायला निरोगी माणसांना ६० दिवस बिछान्यावर निजवतात, पलंगाची डोक्याकडची बाजू ६ अंश खाली. तिथे कोण काय झिजवणार?

फोंडा : खोडून ‘भार नसल्याने हाडे विरळ होतात’ लिहिले. बाई खूश. आता गोल ‘मुतखड्या’भोवती आहे. त्यांना ‘अश्मरी’ हवे.

म्हापसा : आमच्याकडे अश्मरी कोणाला झालेली ऐकली नाही बुवा.