वारजे ते हिंजवडी सायकलने: महामार्गावर कडेने जावे की लेनमधून?

वारजेकर:
नमस्कार. गेल्या महिन्यापासून मी पुण्यात वारजे ते हिंजवडी असा साधारण पंधरा किलोमीटरचा प्रवास सायकलने करतो. बाह्यवळण महामार्गालगतचा सर्व्हिस रोड जिथवर आहे तिथवर अडचण नाही. तो तुटला की मात्र नाइलाजाने मुख्य रस्त्यावर चढावे लागते. तिथे मी पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर, साइडपट्टीवरून चालवतो. परवा खडीवर पुढचे चाक घसरले, डांबराची कड चार बोटे उंच असल्याने परत वर चढता येईना, आणि तेवढ्यात मागच्या डंपरने हॉर्न दिल्यामुळे मी सरळ गटारात उतरलो. कोपर सोलण्यावर निभावले. एक सहकारी सांगतो की उलट दिशेने चालवावी, म्हणजे येणारी गाडी निदान दिसते. हे बरोबर आहे का?

चढउतार:
सहकाऱ्याचे मुळीच ऐकू नका. तो नियम पायी चालणाऱ्यांसाठी आहे. गाडी ८० च्या वेगाने आणि तुम्ही २० ने एकाच दिशेने जात असाल, तर दोघांमधले शंभर मीटरचे अंतर संपायला सहा सेकंद लागतात. समोरासमोर असाल तर साडेतीन सेकंदांच्या आसपास. शिवाय गल्लीतून डावीकडे वळून रस्त्याला लागणारा चालक उजवीकडेच पाहत असतो; डावीकडून, उलट दिशेने कोणी येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

जुनी हर्क्युलिस:
वरील उत्तराशी सहमत आहे. परंतु मूळ चूक साइडपट्टीवर जाण्यात आहे, असे मला वाटते. कडेला चिकटलेल्या सायकलस्वाराला चालक हिशेबात धरत नाही, आणि खड्डा आला की तुम्हालाच अचानक आत यावे लागते. पक्का, सलग आणि स्वच्छ शोल्डर, म्हणजे पांढऱ्या पट्टीबाहेरचा डांबरी भाग, असेल तर तो जरूर वापरा. नसेल तर डांबराच्या कडेपासून हातभर आत, एका सरळ रेषेत चालवा. पूल अरुंद असेल तर थोडे आधीच मागे वळून पाहून, हात दाखवून लेनच्या मध्यावर या आणि पूल संपताच पुन्हा डावीकडे व्हा. मागचा हॉर्न वाजवील; वाजवू द्या, त्याने तुम्हाला पाहिले एवढाच त्याचा अर्थ.

खरा धोका फाट्यांवर असतो. वाकडला किंवा चांदणी चौकात डावीकडे उतरणारा रॅम्प लागतो, तिथे सरळ जाणारी सायकल वेगवान गाड्यांच्या वाटेत तिरकी सापडते. असा फाटा तिरका कापू नये. रॅम्पच्या डाव्या कडेने थोडे पुढे जावे, थांबावे, मागची रांग तुटली की काटकोनात ओलांडून पुन्हा मुख्य रस्त्याच्या कडेला लागावे. अर्धा मिनिट जातो, जाऊ द्यावा.

आणि ट्रकच्या क्लीनरच्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. चालक उजवीकडे बसलेला असतो, त्याला डावीकडचे खालचे फारसे दिसत नाही. तो डावीकडे वळला की मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात. सिग्नलला ट्रकच्या मागेच उभे राहावे.

माणची मंडळी:
दादा, हट्ट नसेल तर महामार्गच टाळा. पाषाणहून सूस, नांदे, चांदे, माण असा रस्ता आहे. तो लांब पडतो, चढही आहेत आणि काँक्रीट मिक्सर याही रस्त्यावर भेटतात, परंतु वेग बराच कमी असतो. मी संध्याकाळी त्याच रस्त्याने परतते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवते आणि पेडलना रिफ्लेक्टर टेप लावली आहे. वरखाली होणारी चमक पाहून पुढे सायकल आहे हे चालकाला लांबूनच कळते. एक विचारते, तुमचा मागचा दिवा कुठे लावला आहे?

वारजेकर:
सीटखाली. आत्ता खाली जाऊन पाहिले, तर पाठीवरच्या सॅकचे पावसाळी कव्हर त्याच्यावर लोंबते आहे. म्हणजे महिनाभर तो कोणालाही दिसलाच नसेल.

माणची मंडळी:
मग तो सीटखालून काढून मागच्या मडगार्डवर घ्या, आणि रविवारी गर्दी नसताना सूसचा रस्ता एकदा पाहून या.