रत्नागिरीत चेलो आणि वाद्यवृंद : काय काय सांभाळायचं?

मांडवी_किनारा : सप्टेंबरअखेर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करतोय. सभागृह नाटकाचं, वादक पंचवीसेक, शिवाय एक सोलो चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य). ड्वोर्जाक या संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्तो (सोलो वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) जमेल का? चेलोला माइक लागेल का? आणि या दमट हवेत वाद्य टिकेल ना?

खर्जातला_सा : ड्वोर्जाक नको. त्याला 3 हॉर्न, 3 ट्रॉम्बोन, ट्युबा अशी पितळी फुंकवाद्यं लागतात आणि तेवढ्या पितळेपुढे तंतुवाद्यंही भरपूर हवीत. हायडनचा सी मेजर (सी स्वरातला) चेलो कॉन्चेर्तो घ्या. 1961 साली प्रागमध्ये याची प्रत सापडली, तोवर तो हरवलेलाच होता. 2 ओबो (लाकडी फुंकवाद्य), 2 हॉर्न आणि तंतुवाद्यं, एवढ्यात भागतं. वेळ साधारण 25 मिनिटं. चेलोचा आवाज मधल्या पट्टीत, तिथेच व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) आणि हॉर्नही असतात, म्हणून तो बुडतो. हायडनने साथ हलकी ठेवली आहे.

माइकआधी रंगमंच बघा. विंगा आणि झालरी आवाज गिळतात. जमतील तेवढ्या वर ओढून घ्या, वादकांच्या मागे प्लायचे उभे तक्ते लावा. सोलोवादकाला कंडक्टरच्या डाव्या हाताला, 15-20 सेंमी उंचीच्या पोकळ लाकडी चौथऱ्यावर बसवा. चेलोची खालची खुंटी त्या फळीत रुतते, फळीही घुमते आणि आवाज भरदार येतो. चौथऱ्यावर गालिचा मुळीच नको. खुर्ची बिनहाताची, सपाट बैठकीची. प्लास्टिकची मागे कलते, वादकाची पाठ जाते.

सरस_आणि_साल : दमट हवेत लाकूड फुगतं. तारा बोटांखालच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात, कानखुंट्या (तारा पिळायच्या खुंट्या) अडकतात. एसीत उलटं, खुंट्या आकसून सुटतात नि सूर उतरतो. वाद्य आत आणल्यावर त्याची पेटी निदान अर्धा तास बंदच ठेवा. कडेचा सांधा सुटला तर खरखर येते. तिथे फेव्हिकॉल कधीच लावू नका, पुढे सांधा उघडताना लाकूड सोलून निघतं. काम सरसानेच आणि जाणकाराकडूनच.

मांडवी_किनारा : एसी प्रेक्षक आत घेताना सुरू केला तर?

सरस_आणि_साल : नको. तालमीआधी सुरू करा आणि मध्यंतरातही बंद करू नका. एसीचा झोत चेलोवर येत नाही ना, तेवढं बघा. जनरेटरवर एसी चालतो का, तेही आधी विचारा.