मदत हवी आहे: सेंच्युरियन रणगाड्याची पुढची दोन चाकं हवेत (१:३५ मॉडेल)

फिटरचा_पोरगा

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही अडलं म्हणून.

मागच्या दिवाळीत सेंच्युरियन रणगाड्याचा प्लास्टिकचा किट घेतला. माप १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. आयुष्यातला हा दुसरा किट. पहिला शाळेत असताना विमानाचा केला होता, त्याचे दोन पंख अजून एकमेकांशी बोलत नाहीत. सेंच्युरियनच का, तर वडील नगरला (आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात नगरच) लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते आणि सत्तरच्या दशकात त्यांचे हात या गाडीच्या पोटात कोपरापर्यंत गेलेले आहेत. बावन्न टनांचं धूड आणि त्याला विमानाच्या मर्लिन इंजिनाचा भाऊ, रोल्स रॉइसचं मेटिऑर. सहाशे पन्नास घोडे, पेट्रोलवर. "पेट्रोल प्यायची नाही रे, आंघोळ करायची त्यानं," असं बाबा अजून सांगतात.

मनात आहे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटची 'फामागुस्ता' नावाची गाडी, नंबर जेएक्स २०२. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जिच्यात शेवटपर्यंत लढले ती. वय २१. जन्म पुण्याचा. ती गाडी आज नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेली आहे. तिथे काही मला जाता आलं नाही. कॅव्हलरी टँक म्युझियम मात्र सगळ्यांना खुलं आहे, तिथला सेंच्युरियन बाबांना घेऊन दोनदा बघून आलो.

आता रडगाणं.

या रणगाड्याला प्रत्येक बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत (हॉर्स्टमन सस्पेन्शन). किटमध्ये प्रत्येक चाकाचा दांडा वेगळा हलतो आणि आत खरीखुरी स्प्रिंग आहे. मला फार कौतुक वाटलं. मी प्लास्टिक जोडायचा, ब्रशनं लावायचा तो पाण्यासारखा पातळ सिमेंट वापरत होतो. शेजारचा भाग चिकटवताना तो सांध्यात ओढला गेला असणार. रात्री मॉडेल बुटाच्या खोक्यावर तसंच ठेवलं. सकाळी बघतो तर डावीकडची पहिली जोडी वर उचललेल्या अवस्थेत कायमची गोठलेली. फटीत पट्टी घालून बघितली, दोन मिलिमीटर. पस्तीसनं गुणलं तर सात सेंटीमीटर!

बाबांना दाखवलं. त्यांनी टॉवर (वरचा फिरता भाग), तोफ, काही बघितलं नाही. आधी उलटा करून पोट बघितलं. मग टेबलावर ठेवला, गाल टेबलाला टेकवून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हा टँक चालतोय का उडी मारतोय?"

दुसरं दुखणं म्हणजे घाई करून रंग आणि वर मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा स्प्रे जुलैत मारला. बाहेर संततधार. सकाळी अख्ख्या टँकवर ज्वारीचं पीठ सांडल्यासारखी पांढरी साय. पुसली तर जात नाही.

शिवाय बाजूच्या पत्र्यांचे (चाकांवर लोंबणारे ते) काठ फारच जाड दिसतात. आणि टॉवरच्या तोंडाशी, तोफेच्या बुडाभोवती जे कॅनव्हासचं आवरण असतं ते किटमध्ये नुसतं गुळगुळीत प्लास्टिक आहे. हे घरी करता येईल का?

बाबा ७८ वर्षांचे आहेत. मोडीत काढून नवा किट घे असं कृपया सांगू नका, किंमत बायकोला अजून कळलेली नाही.

खटपट्या

पहिली गोष्ट, घाबरू नका. स्प्रिंगवाल्या किटमध्ये हे निम्म्या लोकांचं होतं. माझंही झालंय.

दुरुस्तीच्या आधी नीट मोजा. टेबल सपाट आहे असं समजू नका, आपली टेबलं नसतात. जाड काच किंवा आरसा घ्या, त्यावर टँक ठेवा आणि एकेका चाकाखाली साधा कागद सरकवून बघा. कदाचित दोष पुढच्या जोडीत नसेल आणि मागची जोडी खाली अडकल्यामुळे नाक वर गेलं असेल. नक्की कोण अपराधी ते आधी ठरवा.

फिटरचा_पोरगा

केलं. अपराधी पुढचीच जोडी, डावीकडची. बाकी दहा चाकं कागद घट्ट धरून ठेवतात. फ्रीजरमध्ये ठेवलं की सांधा सुटतो असं कुठेतरी वाचलं होतं, ठेवू का?

खटपट्या

फेविक्विकनं चिकटवलं असतं तर हो म्हणालो असतो. तो गार पडला की ठिसूळ होतो, टिचकी मारली की सुटतो. पातळ सिमेंटचं तसं नाही. तो डिंक नव्हेच, तो प्लास्टिक विरघळवतो आणि मग उडून जातो. आता तिथे तुटायला गोंदच शिल्लक नाही, दोन भागांचा एक भाग झालाय. कापायलाच लागेल.

बारीक दातांची करवत मिळाली तर उत्तम, नाहीतर जुन्या ब्लेडला मागून कापडी टेप गुंडाळा आणि दांडा बुडाशी हळूहळू कापा. जोर नाही, फक्त मागेपुढे. कापून झालं की दोन्ही तोंडांना एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात यू-पिनची तार घाला. म्हणजे हात सुटला तरी दांडा जागेवर राहतो.

आता महत्त्वाचं. टँक काचेवर, पोटात पेन्सिल सेल भरून जड करायचा. चाकं काचेला टेकली की मगच दांड्याच्या बुडाशी सिमेंटचा थेंब. रात्रभर हात लावायचा नाही. आणि बाकीच्या स्प्रिंगांचाही मोह सोडा, सगळे दांडे याच अवस्थेत पक्के करून टाका. टँक शोकेसमध्ये बसणार आहे, तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून जाणार नाही.

आळशी_बोका

एवढं कशाला? खाली पाटावर मातीचा बांध करा आणि पुढची चाकं त्यावर चढवा. सात सेंटीमीटरचा बांध. झाला डायोरामा (देखावा)!

फिटरचा_पोरगा

@आळशी_बोका, मोह झाला होता. पण एकाच बाजूला बांध असेल तर सगळा टँक उजवीकडे कलायला हवा ना? तो तर सरळ उभा आहे. बाबा दोन सेकंदांत पकडतील.

रंगारीण

पांढऱ्या सायीबद्दल मी सांगते, मी पुण्यात असून दर पावसाळ्यात हे भोगलंय.

स्प्रेमधलं थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि हवेतलं बाष्प तिथेच धरतं. ते वार्निशच्या थरात अडकलं की पांढरं दिसतं. घासून जाणार नाही, कारण ते वर नाहीच, आत आहे. कोरड्या दिवसाची वाट बघा. आधी टँकच्या पोटावर, जिथे कोणी बघत नाही (तुमचे बाबा सोडून), ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक वार्निशचा) एक पातळ हात मारून बघा. बहुतेक वेळा साय पारदर्शक होऊन गायब होते. मग सगळीकडे ग्लॉस, दोन दिवस वाळवा, आणि शेवटी मॅट. मॅटचा डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, गरम पाण्यात नाही, आणि मग भरपूर हलवा. तळाशी बसलेली पूड नीट मिसळली नाही तरी पांढरं येतं, तेही कारण असू शकतं.

भिंतीवर लावायचं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. साठच्या वर काटा असेल तर मी डब्याला हातच लावत नाही. जुलैत मी फक्त घासकाम करते.

ग्लॉसचा आणखी एक फायदा. तुम्हाला जेएक्स २०२ हे आकडे लावायचे आहेत. मॅटच्या खरबरीत रंगावर स्टिकर ठेवला की खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी झाक दिसते. तेव्हा आकडे ग्लॉसवर लावा, मॅट त्यांच्यावरून जाऊ दे.

तांब्याची_तार

पत्र्याचं गणित सोपं आहे. किटमधला पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्यात तो पस्तीस मिलिमीटर झाला. एवढ्या जाडीचा तो नसतोच. कोल्ड्रिंकचा कॅन कापा. त्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात साडेतीन. किटचा भाग कागदावर ठेवून पेन्सिलनं आकार काढा आणि कात्रीनं कापा. कात्री घरातली नको, दुसरी घ्या, नाहीतर तुमच्याकडे आणखी एक गुपित तयार होईल. आतला थर पॉलिश पेपरनं (६०० नंबर) खरवडा, नाहीतर रंग सोलून निघतो. खालच्या कोपऱ्याला पक्कडीनं किंचित वाकवा. लढाईतल्या गाडीचा पत्रा सरळ राहत नाही.

तोफेच्या तोंडाकडेही बघा. वीस पौंडी तोफ म्हणजे ८४ मिलिमीटरचं भोक, तुमच्या मापात २.४. तोंडाचं भोक तेवढं आहे का मोजा. नंतरच्या काळात आलेली १०५ मिलिमीटरची तोफ असेल तर भोक ३ मिलिमीटर. पण कुठली तोफ ते किटवरून ठरवू नका, जिची गाडी करताय तिच्या फोटोवरून ठरवा. 'फामागुस्ता' असं नाव घातलं की फोटोतलं सगळं जुळायला हवं. तेवढं जमत नसेल तर नाव न घालता पूना हॉर्सचा एक सेंच्युरियन म्हणून करा, त्यात कमीपणा नाही. १९६५ साली लेफ्टनंट कर्नल तारापोर त्याच रेजिमेंटचे, तेही सेंच्युरियनवरच. दोघांनाही परमवीर चक्र, आणि दोघांच्याही मृत्यूची तारीख १६, एक सप्टेंबरची, एक डिसेंबरची.

रंगारीण

कॅनव्हासचं राहिलंच. टिश्यू पेपरचे थर सुटे करा, एकच पदर घ्या. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी. ब्रशनं पदर बसवा आणि ओला असतानाच टाचणीनं चुण्या ओढा. चुण्या तोफेच्या बुडाकडून बाहेर फाकतात, आडव्या नाही. एम-सीलही चालतं, बोटांना टाल्कम पावडर लावून पातळ लाटायचं, पण त्याला घाई लागते, पहिल्यांदा करताना टिश्यूच बरा.

पठाणकोटची_सून

मला मॉडेलमधलं शून्य कळतं, पण तुम्ही टाकलेल्या फोटोत चाकांना काळीभोर माती लावली आहे. ती कुठली?

फिटरचा_पोरगा

मामाच्या शेतातली. चाळून, वाळवून, फेविकॉलमध्ये. एकदम खरी आहे.

पठाणकोटची_सून

खरी आहे, पण नगरची! बसंतर रावीच्या खोऱ्यातली, सीमेपलीकडच्या शकरगडकडची. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही त्याच पट्ट्यात, सीमेच्या अलीकडे, चार वर्षं काढली. तिथे आपल्यासारखी कापसाची काळी जमीन नाही. नदीनं आणलेला फिकट गाळ, ओला असला तर राखाडी तपकिरी, वाळला की जवळजवळ भुरका. चहात दूध जास्त पडल्यासारखा. डिसेंबरात गहू बोटभर वर आलेला असतो, ऊस उभा असतो आणि कडेनं सरकंड्याचं उंच गवत. माझ्या आठवणीत धुकं आणि भुरकी धूळच आहे.

तांब्याची_तार

हा प्रतिसाद सगळ्यात भारी. खडूचे पेस्टल घ्या, फिकट तपकिरी, राखाडी आणि थोडा पांढरा. ब्लेडनं खरवडून पूड करा आणि कोरड्या ब्रशनं चाकांवर आणि पत्र्याच्या खालच्या कडेला लावा. टॉवरवर कमी.

फिटरचा_पोरगा

उशीर झाला, क्षमस्व. ऑक्टोबर लागला तेव्हा कुठे कोरडी हवा मिळाली.

दांडा कापला. पहिल्यांदा ब्लेड घसरलं, अंगठ्याला पट्टी. दुसऱ्यांदा नीट. काचेवर बारा चाकांखाली बारा कागद, एकही निघाला नाही. साय गेली, खरंच गेली, रंगारीणताई, मी मोठ्यानं ओरडलो. कॅनचे पत्रे बसवले, डावीकडचा पुढचा पत्रा मुद्दाम काढून ठेवला, म्हणजे दुरुस्त केलेली चाकं दिसतील. मामाची माती धुऊन टाकली. धुताना एक हेडलाइटही गेला, तो मोरीत सापडला. नाव तूर्त घातलेलं नाही. आकड्यांची जागाही रिकामी आहे. फोटो जमवतोय.

काल बाबांना दिला. पुन्हा आधी पोट. मग गाल टेबलाला. बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, परत वाकले. मग मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "हा दोर सुतळीचा का? याला धरून ओढला असता कुणी, तर सुतळी हातात आली असती."

मी टो-केबल म्हणून शिवणाचा दोरा वापरला होता. जवळून बघितलं तर खरंच केस फुटल्यासारखा दिसतोय.

तर मंडळी, तारेचा पीळ दिसेल असा दोर कशाचा करायचा?

तांब्याची_तार

अहो, माझं नाव वाचा की. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारा काढा, सहा-सात. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं ड्रिल मशीनच्या तोंडात, आणि सावकाश फिरवा.