नववीतला निवेदक मोठ्या माणसासारखा बोलतो, कसं सुधारावं?

दुसरा_खर्डा

कादंबरीचा खर्डा झालाय, साधारण 55,000 शब्द. काळ 2013, बीड जिल्ह्यातलं गाव. निवेदक नववीतला मुलगा, 'मी' म्हणून बोलतो. आईवडील ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. एक वर्ष पुढे असलेल्या चुलत बहिणीचं लग्न लावून देतात, तिची शाळा सुटते आणि हा सगळ्यांपासून तुटत जातो. वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच: मुलगा खरा वाटत नाही आणि मध्यानंतर नुसता कुढत बसतो. नमुना: "त्या दिवशी माझं बालपण संपलं. माणसांच्या ढोंगीपणाची मला शिसारी आली."

आवाज कसा दुरुस्त करू? तुटलेपण दाखवताना गोष्ट पुढे कशी सरकवायची? आणि लग्न कुठे यावं? सध्या ते शेवटी आहे.

कडेकडेने

नमुन्यातली दोन्ही वाक्यं काढा. चौदा वर्षांच्या मुलाला आपलं बालपण चालू आहे हेच ठाऊक नसतं, मग ते संपल्याचं तो कुठून सांगणार? हे मागे वळून पाहणाऱ्याचं वाक्य आहे. आधी दोन वयं ठरवा: घडताना किती आणि सांगताना किती.

सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय' (1951) या कादंबरीमधला होल्डन घटनांच्या वेळी 16 चा आणि सांगताना 17 चा आहे. जखम ओली आहे, शहाणपण अजून आलेलं नाही. नेमाड्यांच्या 'कोसला' (1963) मधला पांडुरंग सांगवीकर पंचविशीत सांगतो, म्हणून त्याला स्वतःच्या कॉलेजच्या वर्षांकडे तिरकं बघता येतं. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' कादंबरीतला मुकुंद त्या त्या दिवसात उभा राहून बोलतो. आणीबाणी त्याला मोठ्यांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानेच कळते. तिन्ही रीती चालतात, त्यांची सरमिसळ चालत नाही.

छापील प्रत घ्या. "तेव्हा मला माहीत नव्हतं", "पुढे कळलं" अशा वाक्यांखाली लाल रेघ मारा. भावनेचं नाव घेणाऱ्या शब्दांखाली (एकटेपणा, पोकळी, शिसारी) निळी. चौदाव्या वर्षीचं निवेदन असेल तर लाल सगळं जाईल. सतराव्या वर्षीचं असेल तर अख्ख्या पुस्तकात दोनतीन राहू द्या. निळ्याच्या जागी त्याने काय केलं ते लिहा.

एक धोका: यानंतर बरेच जण मुलाला बावळट करून टाकतात. या घरातल्या मुलाला मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून) किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि किती फिटायची राहिली हे तोंडपाठ असतं. त्याला व्यवहार कळू द्या, फक्त त्याचा अर्थ लावायला लावू नका.

बाक_शेवटचा

कुढण्याबद्दल. परकेपणा म्हणजे एकटं बसणं असं धरलं की गोष्ट तिथेच थांबते. होल्डन शाळा सोडून न्यूयॉर्कला उतरतो आणि थेट स्टेशनवरच्या टेलिफोन बूथमध्ये शिरतो. एकेक नाव आठवतो, प्रत्येकाला फोन न करण्याचं कारण काढतो आणि वीसेक मिनिटांनी तसाच बाहेर येतो. मग टॅक्सीवाल्याला विचारतो, तळं गोठल्यावर बदकं कुठे जातात, आणि त्यालाच प्यायला चल म्हणतो. ज्याला त्याला खोटारडा ठरवणारा हा मुलगा पुस्तकभर माणसं शोधत फिरतो. तो हलत राहतो तो या विसंगतीमुळे.

तुमच्या मुलालाही प्रत्येक प्रकरणात कुणाकडे तरी पाठवा, काहीतरी विचारायला. भेट फसू द्या, पण कारण दर वेळी वेगळं हवं. सरांना प्रश्न कळतो, ते टाळतात. मित्राला भलतंच वाटतं. आजीला सगळं ठाऊक असतं, ती भाकरी वाढते. आईशी बोलताना बॅलन्स संपतो. एकाच तऱ्हेने तीनदा फसलं तर वाचक पानं चाळायला लागतो.

दुःखही आडवाटेने येऊ द्या. होल्डनच्या खोलीतल्या मुलाला निबंध हवा असतो, एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन. होल्डन लिहितो धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर. मैदानात वेळ जावा म्हणून भावाने त्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या असतात. भाऊ वारलाय हे आपल्याला तिथे कळतं, दुसऱ्याच्या गृहपाठातून. ज्याच्यासाठी लिहिला तो चिडतो, हा काय घराचा निबंध आहे? होल्डन कागद फाडून टाकतो. 'दुःख' हा शब्द कुठेही लागत नाही. बहिणीची अशी एक वस्तू निवडा आणि ती चुकीच्या माणसाच्या हाती पडू द्या.

पट्टा_पडला

काळाचे तपशील आधी तपासा. 2013 मध्ये शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत नापास करत नव्हते, पहिला दणका नववीत बसायचा. गळालेली मुलं पुढे 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायची. जिओ सप्टेंबर 2016 ला आलं. म्हणजे गावात बटणांचा फोन, मिस्ड कॉल आणि मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेली गाणी.

लग्नामागचा हिशेब पानावर आलाच पाहिजे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. शिवाय हंगामात पाचसहा महिने मोठी झालेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती खरी असते. हे आलं तर काकाकाकू खलनायक होणार नाहीत आणि मुलाला राग काढायला सोपी जागा उरणार नाही.

माझ्या मते खरी उणीव वेगळी आहे. तुमचा मुलगा सगळं नुसतं पाहतो. जग वाईट आहे हे कळून त्याचा निरागसपणा तितकासा जाणार नाही, आपलाही त्यात हात होता हे कळल्यावर जाईल. बहिणीच्या वहीतल्या चिठ्ठीबद्दल तो जेवताना सहज बोलून गेला असेल. लग्नात त्याला नवा शर्ट मिळाला, तो खूश होऊन गावभर मिरवला. तोच शर्ट काही महिन्यांनी त्याला अंगात घालवत नाही. कारण सांगू नका, शर्ट पेटीत तळाशी जाऊ द्या.

लिंबोणी

लग्न शेवटी नकोच. शेवटी आलं की सगळं पुस्तक त्याची वाट बघत बसतं. 'कोसला'त धाकटी बहीण मनी गेल्यावरही पांडुरंगला पुष्कळ जगायचं उरतं, आणि होल्डनचा भाऊ तर गोष्ट सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीच गेलेला आहे. लग्न उन्हाळ्यात घ्या. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हजेरीत तिचं नाव घेतात आणि कुणी 'हजर' म्हणत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, त्याच्या आईवडिलांच्याच ट्रकमध्ये ती चढते. एका घटनेचे तीन घाव झाले. 55,000 शब्दांत लग्न 15,000 च्या आसपास यावं.

पट्टा_पडला

15,000 लवकर होईल. तोवर बहीण माणूस म्हणून उभी राहायला हवी, नाहीतर ती फक्त बळी ठरते. तिला दोन भांडणं द्या, एक खोटं बोलू द्या, गणितात त्याच्यापेक्षा हुशार असू द्या. मी 20,000 म्हणेन. तीन घाव मात्र मान्य, ट्रकचा प्रसंग तर हवाच.

दुसरा_खर्डा

शर्ट आणि हजेरी दोन्ही घेतो. शेवटचं विचारतो: निवेदन बोलीत ठेवू की फक्त संवाद?

कडेकडेने

मुलगा 'मी' म्हणून बोलतोय, तर निवेदनही त्याच्याच भाषेत हवं. पण प्रमाण मराठीत लिहून नंतर शब्द बदलत बसू नका, वाक्याची ठेवण पुस्तकीच राहते. एक प्रकरण मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा आणि त्यावरून लिहा. लकब एकच ठेवा. सांगवीकरचं 'वगैरे' किंवा प्रकाश नारायण संतांच्या कथांतल्या लंपनचं 'मॅड' लक्षात राहतं कारण ते त्यांच्या विचार करण्याच्या तऱ्हेतून येतं. दर पानाला दोनतीनदा पुरे, आणि ट्रकच्या प्रसंगात एकदाही नको.